समोर बसल्याशिवाय शिक्का नाही

शालिग्राम बोरसे हा माणूस नियमांचा. गुजरातेत, उधन्याला, साड्या छापण्याच्या ज्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथले लोक त्याला मागून 'कलेक्टर' म्हणायचे, आणि ते उगीच नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, चहाचा कप आणायचा नाही, आणि कोणी पासवर्ड टाइप करत असेल तर त्याच्या पाठीशी उभं राहायचं नाही. एकदा खुद्द शेठ उभा राहिला. शालिग्राम हात थांबवून म्हणाला, "शेठ, जरा पेली बाजू जुओ ने." आणि शेठनं मुकाट्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं! आता बोला.

अठ्ठ्याण्णव साली परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करायला म्हणून कारखान्यात इंटरनेट आलं. फोनच्या तारेवर ते मोडेम नावाचं डबडं कोकलायचं, किरकिरायचं, आणि दहादा प्रयत्न केल्यावर एकदा लागायचं. संध्याकाळी काम उरकलं की तासभर ते शालिग्रामच्या हवाली. दुसरा कोणी असता तर त्यानं क्रिकेटचे आकडे बघितले असते. यानं काय केलं, तर एक गट काढला. नाव ठेवलं 'कुलूप'.

गट म्हणजे काय, तर एक पत्ता. त्या पत्त्यावर कोणीही ईमेल टाकली की ती गटातल्या सगळ्यांना जायची. माणसं त्रेचाळीस. पुण्याची कॉलेजची पोरं, नागपूरचा एक बँकेतला कारकून, अमेरिकेतले दोघे, आणि सैन्यात बिनतारी संदेश पाठवण्यात जन्म घालवलेले एक निवृत्त सुभेदार. मराठी लिहायची इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरी सोयच नव्हती. आणि चर्चा एकाच गोष्टीची: आपलं पत्र वाटेत कोणी वाचू नये म्हणून ते कुलूपबंद कसं करायचं, आणि माणसाचं खासगी ते खासगी कसं राखायचं.

हे कुलूप कसं असतं ते थोडक्यात सांगतो, घाबरू नका. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या. एक उघडी किल्ली, ती जगाला वाटून टाकायची. तिनं कोणीही तुमच्यासाठी पत्र बंद करू शकतो. दुसरी खासगी, ती फक्त तुमच्याकडे. बंद केलेलं पत्र तिच्याशिवाय उघडत नाही, पोस्टमन आला तरी नाही आणि पोलीस आला तरी नाही. आता यात मेख एवढीच, की 'ही अमक्याची किल्ली' म्हणून तिसऱ्याच माणसानं आपली किल्ली पुढे केली तर? मग तुम्ही भाबडेपणानं सगळं त्या तिसऱ्याच्याच हातात द्याल. म्हणून ओळखीचा माणूस त्या किल्लीवर आपला शिक्का मारतो: ही किल्ली अमक्याचीच, मी जामीन. 'कुलूप' गटात शिक्का म्हणजे शालिग्रामचा शिक्का. तो असला की लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

गटाचे नियम त्यानं धम्मरत्नबरोबर बसून लिहिले. धम्मरत्न कारखान्यातच डिझाइन खात्यात होता. रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा, चोवीस वर्षांचा, हुशार आणि तोंडाचा फटकळ. कारखान्यासमोरच्या लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीवर, दोन संध्याकाळी चहावर चहा झाले आणि कागदामागून कागद भरले. धम्मरत्न म्हणाला, "दादा, हे नियम आहेत का संविधान?"

"तुला चेष्टा सुचते. नियम नसला की माणसं कशी वागतात ते बघितलंय मी."

बघितलंच होतं. तो चौथीत असताना तारानं, त्याच्या मोठ्या बहिणीनं, सासरहून आंतर्देशीय पत्र धाडलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. नवागामातल्या चाळीत रिवाजच असा, की कोणाचं पत्र आलं की ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं. शालिग्रामनं मोठ्या ऐटीत वाचलं. सासू मारते, जेवायला देत नाही, मला घेऊन जा. ऐकणाऱ्यांत ताराच्या सासरचा एक पाहुणा बसला होता. आठ दिवसांत वाचलेला शब्द न शब्द तिकडे पोचला, आणि ताराचे काय हाल झाले ते सांगवत नाही. तिनं नंतर माहेरी कधी एक ओळ लिहिली नाही.

तर असे ते नियम. कोणाचं खासगी पत्र त्याच्या परवानगीशिवाय गटात टाकायचं नाही. कोणाला खरं नाव विचारायचं नाही, गाव तर मुळीच नाही. भांडायचं ते मुद्द्यावर, माणसावर नाही. खासगी किल्ली आईबापालाही द्यायची नाही. आणि चौथा नियम, शालिग्रामचा लाडका: माणूस समोर बसल्याशिवाय, त्याचं ओळखपत्र हातात घेतल्याशिवाय, आणि त्याच्या तोंडून किल्लीचे आकडे ऐकल्याशिवाय शिक्का द्यायचा नाही. खाली बारीक अक्षरांत, हा नियम मोडणाऱ्याचं नाव सगळ्या गटाला कळवलं जाईल आणि त्याचा शिक्का कायमचा बाद.

"अमेरिकेतल्या माणसाला कुठून समोर बसवणार?" धम्मरत्ननं विचारलं.

"नाही बसवता येत, तर नाही शिक्का."

"आणि तुमची सख्खी बहीण असली तर?"

"सख्खी बहीण आली तरी समोर बसायचं."

दीड वर्षात त्यानं शिक्के दिले सहा. त्यातला एक धम्मरत्नचा, एक गायत्रीचा. गायत्री कारखान्यात बिलं टाइप करायला होती, लिंबायतहून रिक्षानं यायची. घरात आई धुरपदाबाई, मोठा भाऊ योगेंद्र, धाकटी बहीण चंचल. बाप नव्हता, त्यामुळे योगेंद्रच बाप. तो दुसऱ्या एका कारखान्यात लूमच्या खात्यात मुकादम, तापट, आणि घराण्याच्या नावाला फार जपणारा. गायत्री ते नियम वाचून हसली नाही. तिनं त्याची एक प्रत छापून घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "दादा, आमच्या घरात असा एक जरी नियम असता ना!"

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. गायत्री पाटलांच्या घरातली, धम्मरत्न बौद्ध. लिंबायतीत योगेंद्रला तेवढंच पुरेसं होतं. नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये दोघं एका सकाळी कामावर आलेच नाहीत. कुठे गेली ते शालिग्रामला ठाऊक नव्हतं, कारण त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कुलूपबंद पत्र आलं: लग्न कचेरीत झालं, खोली मिळाली, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मिळालं, गायत्री बरी आहे. खाली धम्मरत्ननं लिहिलं होतं, 'दादा, गाव सांगत नाही, रागावू नका. तुमचाच नियम.' शालिग्राम एकटाच हसला. योगेंद्र एकदा कारखान्याच्या फाटकाशी येऊन त्याची गचांडी धरून गेला, तेव्हाही यानं कानांवर हात ठेवले, आणि ते खोटं नव्हतं. माहीतच नव्हतं तर सांगणार काय?

मधूनमधून गायत्री स्वतः लिहायची. सुरुवातीला मजेची पत्रं असायची. स्टोव्ह भडकला, घरमालकीणबाई फार चौकशा करतात, असलं. मग हळूहळू एकच विषय यायला लागला. आई कशी असेल? दादा, लिंबायतीत गेलात तर आमच्या गल्लीवरून जाल का? नुसती आई दारात दिसते का ते बघाल का? शालिग्राम दोनदा गेलाही. दार बंद होतं.

ऑगस्टच्या शेवटी, श्रावणात, एक पत्र आलं. अनोळखी पत्ता. इंग्रजी अक्षरांत अहिराणी.

'शालिग्राम काका, मी चंचल, गायत्रीनी धाकली बहीन. माय आजारी शे. रोज गायत्रीनं नाव लेस आनि रडस. माले गायत्रीले एक पत्र धाडनं शे. मी कॉम्प्युटर क्लासले जास. मनी किल्ली सोबत धाडेल शे. तुम्ही शिक्का मारात तर ती मनावर भरोसा ठेई.'

गेल्या दीड वर्षात त्या पडद्यावर शालिग्रामनं इंग्रजी वाचलं होतं, पुणेरी मराठी वाचली होती, हिंदी वाचली होती. अहिराणी पहिल्यांदा. आई गेल्यापासून घरातसुद्धा ती भाषा बोलणारं उरलं नव्हतं. बायको बडोद्याची, पोरं गुजराती शाळेत. त्यानं ते पत्र एकदा मनात वाचलं आणि मग कोणी नाही असं बघून हळू आवाजात मोठ्यानं वाचलं.

पण माणूस नियमाचा. त्यानं उत्तर दिलं: पोरी, रविवारी उधना स्टेशनच्या बाकावर ये, शाळेचा दाखला आण, पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर आलं की भाऊ घराबाहेर पाऊल टाकू देत नाही, क्लासलासुद्धा आणून सोडतो आणि घेऊन जातो, आणि शालिग्रामचं नाव काढलं तरी तंगडं मोडेल. यात अविश्वास ठेवण्यासारखं काय होतं? योगेंद्रची गचांडी त्यानं स्वतः अनुभवली होती.

तरीही त्यानं शिक्का दिला नाही. गायत्रीला मात्र कळवलं, की असं असं पत्र आलंय, मला खात्री नाही. रात्र उलटली नाही तोच तिचं उत्तर. 'दादा, चंचलच असेल! तिला कॉम्प्युटरची फार हौस होती. पण तुम्ही शिक्का दिलात तरच मी लिहीन, नाहीतर हे मला लिहू देणार नाहीत. दादा, आई आजारी आहे म्हणते ती. काय झालंय आईला?'

चार दिवस शालिग्रामचं मन त्याला खात राहिलं. जेवताना लक्ष नाही, कामात लक्ष नाही. पाचव्या दिवशी चंचलचं दुसरं पत्र आलं. लिहिलं होतं, की हे मायनं सांगितलंय, तसंच्या तसं लिहिते.

'गायत्री, औंदा कानबाईना रोट करात. गहू मोजाना टाइमले मी तुना नावनी बी मूठ टाकी. बाया म्हनन्यात, लगीन व्हयेल पोरले माहेरना रोट चालत नही. मी म्हनं, तिनं लगीन तुम्ही कोठे मानतस? मंग ती आपलाच घरनी शे. तुना रोट मी डब्बामा ठेयेल शे. सुकी गया, पन टाकाले हात व्हत नही.'

ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना हे समजावून सांगायला नको. श्रावणातल्या त्या रविवारी देवीपुढे घरातल्या माणसांच्या नावानं मूठमूठ गहू मोजतात, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात, आणि ते खायचे फक्त घरच्यांनी. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला घास नाही. लेक लग्न होऊन गेली की ती दुसऱ्या घरची, तिलाही नाही. आणि ही बाई म्हणत होती, की तुम्ही तिचं लग्नच मानत नाही ना, मग तिचा रोट टाका बाजूला! केवढी हुशारी, आणि केवढं ते आतडं! शालिग्रामला ती बाई डोळ्यांपुढे दिसली. असलं बाहेरचा माणूस रचू शकत नाही, त्याला कानबाई ठाऊक असेल पण ही मूठ कुठून ठाऊक असणार? असा त्यानं हिशोब केला. बाहेरचा माणूस रचू शकत नाही, हे त्याचं अगदी बरोबर होतं. घरचा माणूस काय करू शकतो, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्यानं डोळे पुसले आणि शिक्का मारला. समोर कोणी बसलं नव्हतं. हातात दाखला नव्हता. आवाज ऐकला नव्हता. ओळखीची भाषा आणि कानबाईचा रोट, एवढ्यावर नियमांचा कलेक्टर विरघळला. किल्ली त्यानं गायत्रीला पाठवली आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

नंतर नऊ दिवस काहीच आलं नाही. शालिग्रामला वाटलं, बहिणी बहिणी बोलत असतील, आपण कशाला मध्ये? दहाव्या दिवशी दुपारी कारखान्यात फोन आला. ऑपरेटरनं हाक मारली. पलीकडून आवाज असा, की जिभेखाली काहीतरी अडकलंय.

"दादा, मी धम्मरत्न. वर्ध्याहून बोलतोय. दवाखान्यातून."

गावाचं नाव त्यानं असं सरळ फोनवर उच्चारलं, आजवर पत्रातही लिहिलं नव्हतं ते.

"काय झालं रे?"

"चौघं आले होते. जीप घेऊन. गायत्रीला नेलं. माझा जबडा बांधलाय, नीट बोलता येत नाही." मग त्यानं विचारलं, "दादा, चंचलला तुम्ही समोर बघितलं होतं ना?"

छापखान्यातली यंत्रं मागे धडधडत होती.

"दादा?"

"नाही बघितलं."

पलीकडे धम्मरत्ननं फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शालिग्राम रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. ऑपरेटरनं शेवटी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

तो त्याच रात्रीच्या गाडीनं वर्ध्याला गेला. धम्मरत्नचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, चेहरा ओळखू येत नव्हता. सगळं समजलं ते तिथे. गायत्रीनं 'चंचल'ला आपला पत्ता लिहिला होता. लिहिलं होतं की मायला घेऊन ये, मी स्टेशनवर उभी राहीन. मायला घेऊन योगेंद्र आला नाही, तीन माणसं घेऊन आला. पोलिसांत तक्रार झाली, आणि तिसऱ्याच दिवशी गायत्रीच्या सहीचा कागद आला, की मी स्वखुशीनं माहेरी आले आहे. वकील म्हणाला, मुलगी समोर येऊन बोलली तर काही होईल. मुलगी कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शालिग्राम तीन दिवस खाटेजवळ बसला. धम्मरत्ननं त्याला पाणी मागितलं, उशी सरकवायला सांगितली, पण दुसरं काही बोलला नाही.

परत आला त्या रविवारी त्याच्या दारात दोघी उभ्या. एक साठीची बाई, डोक्यावरून पदर, दम लागलेला. बरोबर सोळा-सतरा वर्षांची पोरगी.

"तूच ना भाऊ तो, कुलूपना कागद धाडनारा?" बाईंनी विचारलं. "मी गायत्रीनी माय."

शालिग्रामनं खुर्ची पुढे केली. बायको पाणी आणायला आत गेली. तो त्या पोरीकडेच बघत होता.

"तू चंचल?"

"हो, काका."

"कॉम्प्युटर शिकतेस?"

"मी? नाही हो. मी घरी साड्यांना टिकल्या लावते. क्लासला भाऊ जात होता. गायत्रीच्या पेटीतल्या जुन्या पर्समध्ये एक छापलेला कागद होता आणि फ्लॉपी होती, ते घेऊन जायचा."

छापलेला कागद म्हणजे नियम. शिक्का कोण देतं, कशानं मिळतो, कोणावर लोक विश्वास ठेवतात, सगळं शालिग्रामनंच सविस्तर लिहून ठेवलं होतं. योगेंद्रला फक्त वाचायचं होतं.

"आन रोटनं?" शालिग्रामनं धुरपदाबाईंना विचारलं. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून अहिराणी आली. "रोटनं कोनी लिखं?"

"मीच सांगं ना भाऊ. योगेंद्र मनाजोडे बठना, म्हने, माय, गायत्रीले काय सांगनं शे ते सांग, मी धाडस. माले वाटनं, पोरना जीव पघयना. मी सांगं, त्यानी लिखं. एक शब्द बी त्यानी बदला नही. माले वाची बी दाखाडं." बाईंचे डोळे भरून आले. "मंग पोर घर उनीच नही. मामाना गावले लई गयात तिले. माले दखाले बी नही मियनी."

म्हणजे पत्र खरं होतं. आजार खरा, रडणं खरं, रोट खरा. योगेंद्रनं आईचं काळीज काढून गळाला लावलं होतं, आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. शालिग्रामला वाटलं, या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं. त्यानं ठेवलं नाही. ठेवलं असतं तर का ठेवलं ते सांगावं लागलं असतं.

धुरपदाबाई आल्या होत्या वेगळ्याच कामाला. त्यांना आणखी एक पत्र धाडायचं होतं. योगेंद्र आता लिहून देत नाही, म्हणून त्या लपून आल्या होत्या.

"तू कुलूप लायीसन धाड भाऊ. फक्त तीच उघडी असं. तिले लिख, मायनी तुले बलायेल नव्हतं माराले. मायले तुले दखनं व्हतं. बस, इतलंच."

शालिग्राम 'हो' म्हणाला. मामाच्या गावात कॉम्प्युटर नाही, गायत्रीची खासगी किल्ली वर्ध्याच्या खोलीत मोडक्या सामानात पडलीय, आणि तिचं दुसरं लग्न लावून द्यायचं घाटतंय असं कानावर आलंय, हे त्याला सांगता आलं असतं. पण बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. तो पुन्हा एकदा 'हो' म्हणाला.

सोमवारी सकाळी त्यानं वकिलाला फोन करून मामाच्या गावाचं सांगितलं; तिच्या सहीचा कागद आहे तोवर हात बांधलेले, असं तो म्हणाला. संध्याकाळी त्यानं गटाला पत्र लिहिलं. अर्धा तास लागला, आणि झाल्या चार ओळी. 'चौथा नियम मी मोडला आहे. समोर न बघता एका किल्लीवर शिक्का दिला. ती किल्ली खोटी निघाली. आजपासून माझा शिक्का कोणी मानू नये.' काय घडलं ते त्यानं लिहिलं नाही. लिहिताच येत नव्हतं. दुसऱ्याचं खासगी गटात टाकायचं नाही, हा नियमही त्याचाच होता.

आठवडाभर उत्तरं येत राहिली. पुण्याचा एक पोरगा म्हणाला, 'सर, चलता है! एवढं मनाला लावून घेऊ नका.' नागपूरच्या कारकुनानं प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. अमेरिकेतल्या एकानं हसणाऱ्या तोंडाची खूण टाकून लिहिलं, की शेवटी तुम्हीही माणूसच निघालात. सुभेदारांनी लिहिलं, 'चूक कबूल करणारा जवान मला आवडतो. शिक्का परत चालू करा, हा माझा हुकूम.' अकरा जणांनी माफ केलं. शालिग्राम एकेक पत्र वाचत गेला आणि प्रत्येक वाक्य त्याला थोबाडीत बसत गेलं. त्यांना सांगणार काय, की कोणत्या गोष्टीची माफी देताय तुम्ही?

बारावं पत्र कुलूपबंद होतं, त्याच्या एकट्यासाठी. धम्मरत्नचं. दवाखान्यातून सुटल्यावर डाव्या हातानं टाइप केलेलं, अक्षरं इकडची तिकडे झालेली.

'दादा, मला तुमचा राग आहे. तो राहील. पण एक विचारायचं आहे. त्या दिवशी जीपमध्ये घालताना गायत्री एकच विचारत होती, आई बरी आहे का? योगेंद्र म्हणाला, कसली आई, ती तुझं नावसुद्धा घेत नाही, रोटबिट सगळं मी रचलं. ते ऐकल्यावर तिनं धरलेलं दार सोडून दिलं. तोवर ती भांडत होती, दादा. चौघांना आवरत नव्हती. दादा, त्यातलं काहीच आईचं नव्हतं का?'

शालिग्रामनं चष्मा काढला. खोलीत चपला घालून कोणी तरी आलं, काही विचारून गेलं. त्याला कळलंही नाही.

मग त्यानं उत्तर लिहिलं. 'सगळं आईचं होतं. शब्द न शब्द. त्या गेल्या रविवारी माझ्या घरी येऊन गेल्या. रोट अजून डब्यात आहे.' ते त्यानं धम्मरत्नच्या किल्लीनं बंद केलं आणि पाठवलं.

त्यानंतर धुरपदाबाईंनी सांगितलं होतं ते, त्यांच्याच अहिराणीत, एक मात्रा इकडची तिकडे न करता टाइप केलं. यादीत गायत्रीची उघडी किल्ली होती, तिच्यावर त्याचा स्वतःचा शिक्का होता, आणि तो खरा होता, कारण ती समोर बसली होती. त्या किल्लीनं त्यानं पत्र बंद केलं. एकदा बंद झाल्यावर ते त्यालाही वाचता येणार नव्हतं. मोडेम तीनदा तुटलं, चौथ्यांदा लागलं, आणि पत्र गायत्रीच्या पत्त्यावर जाऊन पडलं. ते तिनं कधी उघडलं नाही.